चौदा वह्यांची वर्गवारी

११ जून

ठकू,

मायना काय लिहावा यात अर्धा तास गेला. चिरंजीव लिहिलं, खोडलं. सप्रेम लिहिलं, तेही खोडलं. शेवटी घरातलं नाव लिहून मोकळा झालो. नऊ वर्षांनी पत्र पाठवणाऱ्या बापाला मायन्याची काय पडली आहे, असं तू म्हणशील. म्हण.

पत्ता तुझ्या आईच्या वहीतून घेतला, तिला न विचारता. तिच्यावर रागावू नकोस.

हे कामाचं पत्र आहे. पुढच्या वर्षी विद्यापीठाला शंभर वर्षं पूर्ण होतात. त्यानिमित्त एक जाडजूड ग्रंथ निघणार आहे, इतिहास आणि परिचय. नऊ प्राध्यापकांची समिती दोन वर्षं बसली आणि तिने अनुक्रमणिका तयार केली. तेवढीच. मग कोणाला तरी आठवलं, की तळघरातला म्हातारा अजून जिवंत आहे. समितीच्या संपादकबाईंनी मला फोन केला. इतिहास विभागातून निवृत्त झालेल्या बाई आहेत, कोणाच्या बापाला भीत नाहीत. म्हणाल्या, कुठला कागद कुठे आहे ते तुम्हालाच ठाऊक, तुम्हीच लिहा, मी शुद्धलेखन बघेन. मी आढेवेढे घ्यायचे म्हणून घेतले आणि दुसऱ्या दिवशी दहाच्या ठोक्याला हजर झालो. माझी खुर्ची अजून तीच आहे, लंगडी. पायाखाली मी घातलेली पुठ्ठ्याची घडीही तीच. आठ वर्षांत तेवढी घडी बदलायला कोणाला सवड झाली नाही.

तुला ठाऊक आहे का, आपलं विद्यापीठ घोड्यांच्या दवाखान्यात सुरू झालं? खरंच. दवाखाना बंद पडला होता, ती इमारत फुकट मिळाली. चार प्राध्यापक, अकरा विद्यार्थी. रसायनशास्त्राचा पहिला तास गव्हाणीवर फळी टाकून झाला. अकरांतला एक दुसऱ्याच आठवड्यात पळाला, पण आपण अकराच छापतो आहोत. आज त्र्याण्णव विभाग, बासष्ट हजार विद्यार्थी, एकेचाळीस वसतिगृहं. आकडे मी स्वतः तपासले. पहिल्या ठरावात एक वाक्य आहे, मी ते पाटीवर लिहून टेबलावर ठेवलं आहे: ‘ज्याला शिकायचे आहे त्याला येथे दार लोटलेले दिसू नये.’ म्हणून तर तळघरातल्या कारकुनाची पोर वरच्या प्रयोगशाळेत जाऊन बसू शकली. मला त्याचा फार अभिमान होता. आहे.

आता काम. सातवं प्रकरण संशोधनाचं आहे. तू स्वयंपाकघराच्या फळीवर दोन बरण्या ठेवल्या होत्यास, दोन्हींत कापड गिरणीच्या नाल्यातलं लालभडक पाणी. एकीत तुझे ते किडे सोडलेस आणि तिचं पाणी निवळशंख झालं. ते किती दिवसांत झालं? मला नऊ आठवतात, तुझी आई अकरा म्हणते. साध्या कार्डावर आकडा कळवलास तरी चालेल.

आपला,
अभिलेखपाल (निवृत्त)

२ जुलै

ठकू,

कार्ड आलं नाही. येईल असं वाटलंही नव्हतं, तरी रोज टपालाच्या वेळी मी फाटकापाशी काहीतरी काम काढतो. काल फाटकाच्या बिजागरीला चौथ्यांदा तेल घातलं. तुझी आई म्हणाली, आता ते फाटक घसरून पडेल.

तिला सगळं कळलेलं आहे. पण बोलत नाही. रविवारी सकाळी तुझा फोन येतो, ती स्वयंपाकघरात जाते आणि दार लावून घेते. मी बाहेर वर्तमानपत्र धरून बसतो आणि एकच बातमी चाळीस मिनिटं वाचतो. मध्येच तुम्ही दोघी हसता. आई बाहेर आली की मी विचारतो, काय म्हणते? ती म्हणते, बरी आहे. नऊ वर्षांत माझ्या वाट्याला एवढे दोनच शब्द आले. तू नगरपालिकेच्या पाणी तपासणीत नोकरीला आहेस, हेसुद्धा मला तुझ्या मावशीकडून कळलं. दिवसभर बाटल्या येतात आणि तू त्यातलं पाणी पिण्याजोगं आहे की नाही एवढं लिहितेस, असं ती म्हणाली. चांगलं काम आहे. वाईट काय त्यात.

तिसरं प्रकरण लिहून झालं, आगीचं. साठ वर्षांपूर्वी ग्रंथालय पेटलं तेव्हा मुलांनी साखळी करून सामान बाहेर काढलं. पुस्तकं काढली असं सगळे सांगतात. मी जुना जबाब वाचला. ग्रंथपालांनी आधी पुस्तकं काढूच दिली नाहीत. आधी सूचीचे खण काढायला लावले, ज्यांत प्रत्येक पुस्तकाचं कार्ड होतं. म्हणाले, पुस्तक पुन्हा मिळेल, पण आपल्याकडे काय होतं हेच कळलं नाही तर मागणार काय? दहा हजार पुस्तकं जळाली. सूची वाचली. पुढे पंचवीस वर्षं त्या सूचीवरून एकेक पुस्तक पुन्हा जमवलं. मी हे बाईंना वाचून दाखवलं, तर त्या चष्मा काढून पुसत बसल्या.

माझं काम तुला लहानपणापासून पाठ आहे. वरच्या विभागांतून गठ्ठा आला की उघडायचा, आत पाहायचं, पहिल्या पानाच्या कोपऱ्यात पेन्सिलीने एक अक्षर घालायचं. अ म्हणजे कायम. ब म्हणजे तीस वर्षं. क म्हणजे पाच. ड म्हणजे एक वर्ष, तेही कागदावरच्या शेवटच्या तारखेपासून, आणि मग कागद फाडायच्या यंत्रात. सात वर्षांची असताना तू घरभर ही अक्षरं घालत सुटली होतीस. बाहुलीला अ. माझ्या छत्रीला ब. गणिताच्या पुस्तकाला ड. आणि मी कामावर निघालो की माझ्या शर्टाच्या बाहीवर पेन्सिलीने अ घालून द्यायचीस, म्हणजे मला कोणी टाकून देणार नाही.

तुझ्या वह्यांचं जे झालं ते या नियमाने झालं, एवढंच मला सांगायचं आहे. जुने कागद आले, वर्गवारी झाली, मुदत संपलेली होती, यंत्रात गेले. विभागात आम्ही तिघे होतो. तुझ्या तक्रारीवर बसलेल्या चौकशी समितीपुढे मी हेच सांगितलं, तू समोर बसली होतीस. नियम माणूस बघत नाही.

तुझ्या आईला बरण्यांचं पुन्हा विचारलं. ती अकरावर ठाम आहे.

बाबा

२९ जुलै

ठकू,

मागचं पत्र टाकून आलो आणि दोन दिवस जेवण गेलं नाही.

सातव्या प्रकरणाचा मजकूर विभागाकडून आला आहे. ‘अभिमानाची पाने’ असं नाव दिलंय. त्यात तुझ्या संशोधनाचे मार्गदर्शक होते त्या सरांचं पानभर कौतुक आहे. सरांनी गिरणीच्या नाल्यातला गाळ आणला, सरांनी त्यातून रंग खाणारा जिवाणू वेगळा केला, सरांच्या नावाने आज चार गावांत पाणी साफ होतं. नव्या इमारतीला त्यांचं नाव द्यायचं घाटतंय. खाली छायाचित्र आहे, सर दोन बरण्यांशेजारी उभे. मी भिंग घेऊन पाहिलं. बरण्या आपल्या घरच्या आहेत, ठकू. एकीच्या झाकणाला तुझ्या आईने लावलेली निळी पट्टी आहे. सर त्या नाल्याजवळ कधी गेले असतील असं मला वाटत नाही. त्यांच्या बुटांवर मी कधी चिखल पाहिला नाही. चिखल तुझ्या चपलांना असायचा आणि तुझी आई तुला अंगणातच थांबवून पाय धुवायला लावायची.

बाईंनी विचारलं, तुम्ही खाली सही करता ना, मजकूर तपासल्याची? मी म्हटलं, करतो. आणि कागद तसाच खणात ठेवून दिला.

तर ऐक. मी तुला लिहिलं, वर्गवारी झाली. कोणी केली ते लिहिलं नाही. नऊ वर्षं मी ‘झाली’ याच्यापुढे गेलेलो नाही. ती मी केली.

तुला कावीळ झाली होती. सहा आठवडे तू पुढच्या खोलीत पडून होतीस, डोळे पिवळे, उसाचा रसही पोटात ठरत नव्हता. त्यातल्याच एका मंगळवारी वरून एक गठ्ठा खाली आला. वर चिठ्ठी होती: ‘किरकोळ वह्या, बेवारस, नग चौदा.’ मी फीत सोडली. खाकी कव्हरं. चारही कोपरे आत दुमडून, कण्यावर जाड कागदाची पट्टी. अशी कव्हरं जगात एकच माणूस घालतो. तू पहिलीत गेलीस तेव्हापासून संशोधनाला लागलीस तोवर प्रत्येक वहीला मीच कव्हर घातलं. तुझ्या मैत्रिणी तुला चिडवायच्या, एवढी मोठी झाली तरी वह्यांना बाबा कव्हर घालतात.

बेवारस लिहिलं होतं त्यांच्यावर.

उघडून पाहिलं. पहिल्या दोन वर्षांच्या वह्या होत्या. नाल्यावर गेल्याची तारीख, वेळ, पाण्याचा रंग, सगळं तुझ्या हातचं. नवव्या वहीत एका पानावर तू लिहिलं होतंस: ‘बरणी दोन स्वच्छ. बरणी एक तशीच. हात थरथरतोय म्हणून अक्षर असं.’ मी ते वाचलं. वाचून पहिल्या पानाच्या कोपऱ्यात ड घातला. शेवटची तारीख तीन वर्षांपूर्वीची होती, म्हणजे थांबायचंही कारण नव्हतं. शुक्रवारी यंत्र चाललं.

त्याच संध्याकाळी मी तुझ्या उशाशी बसलो होतो. तू विचारलंस, ‘बाबा, वर जाता तेव्हा माझं कपाट बघता ना? वह्या आहेत ना नीट?’

मी म्हटलं, ‘आहेत.’

बाबा

१७ ऑगस्ट

ठकू,

तू लिहिणार नाहीस हे आता मी धरूनच चाललो आहे. पण सुरुवात केली आहे तर अर्ध्यावर सोडता येत नाही.

का केलं ते सांगायचं राहिलं.

गठ्ठा आला त्याच्या आदल्या दिवशी तुझे सर तळघरात आले होते. माझ्या तळघरातल्या सदतीस वर्षांत कुठला प्राध्यापक त्या जिन्यावरून खाली उतरलेला मी पाहिला नव्हता. काम असलं की शिपाई येतो. सर आले, धुळीच्या स्टुलावर बसले, माझ्या कपातला चहा प्यायले. मी हरखून गेलो, खोटं कशाला सांगू. आमच्या विभागातले दोघे दारातून डोकावून बघत होते आणि मला वाटलं, बघा लेको.

सर म्हणाले, ‘काका, तुमची मुलगी फार हुशार आहे. पण हट्टाला पेटली आहे. माझा शोधनिबंध छापून आल्यापासून एकच घोषा, हे आधी मी केलं, माझ्या वह्यांत तारखा आहेत. असं भांडून पदवी मिळत नाही. त्या जुन्या वह्या डोळ्यांआड गेल्या की तिचं डोकं शांत होईल. वर्षभरात डॉक्टर करतो तिला. शब्द देतो.’

मी त्यांना आणखी चहा हवा का विचारलं. त्यांनी मला काही करायला सांगितलं नाही, तेवढे ते शहाणे होते. दुसऱ्या दिवशी गठ्ठा आला.

मला तुझ्या नावामागे डॉक्टर हवं होतं. मी एकोणिसाव्या वर्षी या विद्यापीठात लागलो, दारावर पाट्या लावायचं काम होतं. किती डॉक्टरांच्या पाट्या मी स्क्रू पिळून बसवल्या त्याला गणती नाही. तू संशोधनाला लागलीस त्या आठवड्यात मी पाटीवाल्याकडे जाऊन तुझ्या नावाची पाटी सांगून आलो होतो. तुला कधी दाखवली नाही. माझ्या कपाटात खालच्या कप्प्यात आहे, अजून कागदातच गुंडाळलेली. मला खरंच वाटलं, की चार जुन्या वह्या गेल्या तर पोरीचं भांडण मिटेल आणि आयुष्य मार्गी लागेल. तू मोठ्या माणसाशी वैर घेत होतीस आणि मला भीती वाटत होती. वाटलं, तुझ्या भल्याचं आहे.

हे लिहून झाल्यावर वाचून पाहिलं. तुझं भलं, सरांचा शब्द, माझी भीती. सगळ्यांची नावं आली. पण पेन्सिल कोणाच्या हातात होती?

तुझी आई काल म्हणाली, ‘तुम्ही तिला इतकं काय लिहिता?’ मी म्हटलं, विद्यापीठाचा इतिहास. ती म्हणाली, ‘मग खरा लिहा.’ आणि कपडे वाळत घालायला गेली.

बाबा

५ सप्टेंबर

ठकू,

आज माझा हात थरथरतोय, म्हणून अक्षर असं.

चौकशी समितीचं पाकीट मी उघडलं. ते मीच नऊ वर्षांपूर्वी कपाटात ठेवलं होतं, लाख लावलेलं, वर माझ्याच हातचा अ. चौकशांचे कागद कायम ठेवतात. त्यानंतर वर्षभर मी त्या कपाटासमोर बसून काम केलं, निवृत्त झालो, पण उघडायचा धीर झाला नाही. आता ग्रंथासाठी सगळं बघायची परवानगी आहे, कुलसचिवांची सही आहे. बाईंना म्हटलं, सातव्या प्रकरणासाठी एक पाकीट फोडावं लागेल. त्या म्हणाल्या, फोडा की.

आत माझा जबाब होता. दीड पान. ‘वर्गवारी नियमानुसार झाली. विभागात तिघे कर्मचारी आहेत. नेमकी कोणी केली हे आता सांगता येणार नाही.’ खाली सही. ती वाचताना मला माझी लाज वाटली, पण ते मला माहीत होतं, त्याची तयारी करून आलो होतो.

पान उलटलं. मला वाटायचं, माझ्या जबाबानंतर बैठक संपली. मी बाहेर पडलो आणि सरळ तळघरात गेलो होतो. तुझी वाटसुद्धा पाहिली नाही. बैठक संपलेली नव्हती. पुढे तुझा जबाब आहे. मी जसाच्या तसा उतरवतो.

‘अध्यक्ष: नष्ट केलेल्या कागदांच्या यादीला पहिल्या वहीचे पहिले पान नमुना म्हणून जोडलेले आहे. त्यावर पेन्सिलीने ड आहे. हे अक्षर तुमच्या वडिलांचे आहे का?

तक्रारदार: (थोड्या वेळाने) नाही.

अध्यक्ष: खात्रीने सांगता?

तक्रारदार: हो. त्यांचं अक्षर मी ओळखते. हे त्यांचं नाही.’

पुढच्या पानावर तुझा अर्ज. तक्रार मागे घेत आहे, कारण वैयक्तिक. तारीख तीच. वेळ दुपारी साडेतीन.

ठकू, तुला अक्षर मी शिकवलं. तुझा हात धरून पाटीवर. माझ्या ड चं पोट मोठं येतं आणि शेपूट खालच्या ओळीत जातं, तुझाही तसाच येतो. तुझ्या बाईंनी शाळेत त्यावरून मला बोलावून घेतलं होतं. तू ते पान बघितल्या क्षणी ओळखलं असणार. तू ‘हो’ म्हणाली असतीस तर गठ्ठा कोणी पाठवला ते मला सांगावं लागलं असतं, सर अडकले असते, तुझा शोध तुझा राहिला असता, आणि मला निवृत्तीला चौदा महिने उरले असताना नोकरीवरून काढलं असतं. तू हिशेब लावलास तो तिथे बसल्या बसल्या. मला विचारलं नाहीस. मी तर खाली निघून गेलेलो.

मला नऊ वर्षं वाटत होतं, की मी वह्या नष्ट केल्या म्हणून तू गेलीस. तू मला वाचवून गेलीस. आणि मग माझ्यासमोर राहायचं कसं, हे तुला सुचलं नसेल.

संध्याकाळी घरी येऊन तुझ्या आईला विचारलं, तुला हे ठाऊक होतं? ती भाजी निवडत होती. म्हणाली, ‘त्याच दिवशी सांगितलं तिने. वर म्हणाली, बाबांना कळू देऊ नकोस, त्यांना सोसायचं नाही.’ मी विचारलं, मग तू नऊ वर्षं कशी राहिलीस माझ्याबरोबर? तिने निवडलेली भाजी ताटात सारली. मग म्हणाली, ‘रविवारी दार लावून घेत होते ना.’

मी रडलो, ठकू. तुला सांगायची लाज नाही वाटत. खुर्चीत बसून मोठ्याने रडलो.

माफी मागत नाही. मागायची पात्रता नाही आणि मागितली तर तुला पुन्हा ‘नाही’ म्हणावं लागेल किंवा ‘हो’. तुला आता माझ्यासाठी काहीच म्हणावं लागू नये. समितीने तुला जे विचारलं ते खरं तर मला विचारायला हवं होतं. सोमवारी मी त्याचं उत्तर देऊन येतो.

बाबा

१२ ऑक्टोबर

ठकू,

सांगितल्याप्रमाणे गेलो. कुलसचिवांसमोर लेखी निवेदन ठेवलं. तीन पानं. गठ्ठा कोणी पाठवला, सर कधी आले, काय म्हणाले, मी काय पाहिलं आणि काय केलं. वह्यांना कव्हरं मी घातली होती हेही लिहिलं, म्हणजे ओळखलं नाही अशी सबब राहू नये. नवव्या वहीतली तीन वाक्यं आठवत होती तशी लिहिली. शेवटी लिहिलं: ‘सदर ड माझ्या हातचा आहे.’

कुलसचिव तरुण आहेत. दोनदा वाचलं, मग दार लावून घेतलं आणि समजावणीच्या सुरात म्हणाले, काका, इतक्या वर्षांनी कशाला? मी म्हटलं, इतकी वर्षं झाली म्हणूनच. दोन दिवसांनी सरांचंही मत घेण्यात आलं. सर म्हणाले, काकांचं वय झालंय. तेही खरंच आहे, वय झालंय.

ग्रंथातून मला काढलं. माझं लिहून झालेलं सगळं छापणार आहेत, घोडे, आग, आकडे, फक्त लेखक म्हणून समितीचं नाव येईल. त्याचं मला काही नाही. पण सातवं प्रकरण विभागाने दिलं तसंच जाणार, बरण्यांसकट. बाई त्यावरून दोन तास भांडल्या आणि हरल्या. त्यांनी स्वतःचंही नाव संपादक म्हणून घालायला नकार दिला. जाताना तळघरात येऊन माझ्या लंगड्या खुर्चीत बसल्या आणि म्हणाल्या, ‘शंभर वर्षांचा इतिहास लिहायला घेतला आणि त्यातली नऊ वर्षं आपल्याला बसवता आली नाहीत.’

तेव्हा तुझा शोध मी तुला परत मिळवून दिला, असं काही घडलेलं नाही. तुला खोटी आशा नको. पुढच्या वर्षी मोठा समारंभ होईल, सर व्यासपीठावर असतील, आणि तू तिकडे बाटलीतलं पाणी पिण्याजोगं आहे असं लिहीत असशील.

पण निवेदन नाकारता येत नाही, तो नियम आहे. आलेला कागद नोंदवावाच लागतो. त्या पाकिटात, तुझ्या ‘नाही’च्या मागे, ते लागलं. आता तिथे अभिलेखपाल म्हणून एक बाई आहेत, मोठ्या कडक. माझ्यासमोर गठ्ठा बांधला आणि वर्गवारी घालायला पेन्सिल उचलली. मी म्हटलं, बाई, एवढं एक अक्षर मी घालू का? नियमात बसत नाही. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि पेन्सिल पुढे केली. मी अ घातला, आणि खाली एक ड घातला, आणि दोन्हींवर सही केली. कोणाला ताडून बघायचं असेल तर नमुना असावा.

हे सगळं मी तुला परवाच लिहिणार होतो. पण काल टपालाने जाड लिफाफा आला. वर तुझं अक्षर. फाटकापाशीच फोडला, तेल घातलेलं असल्यामुळे फाटक हलत राहिलं आणि पाठीवर आपटलं.

आत माझीच पत्रं होती. एकही शब्द तू लिहिलेला नाहीस. फक्त पहिल्या पानाच्या कोपऱ्यात पेन्सिलीने अक्षर. अकरा जूनवर ड. दोन जुलैवर ड. एकोणतीस जुलैवर ड. सतरा ऑगस्टवर आधी ड, मग खोडून क.

पाच सप्टेंबरचं त्यात नव्हतं. लिफाफा उलटा करून झटकला, दिव्याला धरून पाहिला. नव्हतं.

तुझ्या आईला दाखवलं. तिने चारही पत्रं हातात घेतली, पण वाचली नाहीत, नुसते कोपरे बघितले. म्हणाली, ‘ड ची एक वर्षाने फाडायची ना?’ मी म्हटलं, हो. ती म्हणाली, ‘आणि जे परत आलं नाही ते?’ सदतीस वर्षं मी हेच काम केलं, आणि ते साधं उत्तर तोंडातून निघेना.

आज दुपारी बसून ती चारही पत्रं पुन्हा वाचली. या वेळी नीट उघडून, आत पाहून. पहिल्यात मी बरण्यांचं विचारतोय आणि वह्यांचं अवाक्षर नाही. दुसऱ्यात ‘वर्गवारी झाली’. तिसऱ्यात केल्याचं आहे, पण का ते नाही. चौथ्यात तुझं भलं.

तुझी वर्गवारी बरोबर आहे, ठकू. मीही हीच घातली असती.

बाबा